पायथनच्या ऑपरेटरांचा सराव : उत्तर आधी वहीत, मग यंत्रावर

खडूफळा (धागालेखिका)

नमस्कार. तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी मी गेली काही वर्षे संध्याकाळी पायथनचा वर्ग घेते. या वर्गात एक गोष्ट दर वर्षी दिसते आणि तिच्याविषयी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढत आहे. ऑपरेटरांचे प्रकरण विद्यार्थी एका बैठकीत उरकतात. अधिक, उणे, मोठे, लहान, समान ही चिन्हे पहिली-दुसरीपासून ओळखीची असल्यामुळे त्यांत शिकण्यासारखे काही उरलेले नाही असे त्यांना वाटते आणि ते उत्साहाने लूप, फंक्शन, क्लास यांच्याकडे वळतात. दोन महिन्यांनी त्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायला बसले, की सर्वांत जास्त वेळ खाणाऱ्या चुका याच प्रकरणातल्या निघतात. एखादा कंस मिटवायचा राहिला किंवा अपूर्णविराम विसरला, तर पायथन तिथेच थांबते आणि ओळ दाखवते. ऑपरेटर चुकीचा पडला किंवा योग्य ऑपरेटर चुकीच्या क्रमाने लागू झाला, तर पायथन बहुतेक वेळा निमूटपणे एक उत्तर देते, आणि ते उत्तर चूक असते.

म्हणून मी वर्गात चार रकान्यांची वही ठेवायला सांगते. पहिल्या रकान्यात पदावली, दुसऱ्यात आपल्या मते येणारे उत्तर, तिसऱ्यात पायथनने दिलेले उत्तर आणि चौथ्यात कारण. दुसरा रकाना शाईने भरल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, एवढीच अट. दुसरा आणि तिसरा रकाना जुळला तर पुढे जायचे. जुळला नाही तर त्या ओळीवर थांबून चौथा रकाना स्वतःच्या शब्दांत लिहायचा. थेट यंत्रावर टंकून उत्तर पाहिले, तर ते पाहिल्यावर "हे मला माहीतच होते" असे प्रत्येकालाच वाटते, आणि शिकायचे होते ते तसेच राहून जाते.

लिहिण्याच्या पद्धतीविषयी एक खुलासा. या धाग्यात मी सर्व काही देवनागरीत लिहीत आहे. पायथन ३ मध्ये चलांची नावे देवनागरीत दिलेली चालतात, म्हणजे "किंमत" किंवा "वय" हे नाव जसेच्या तसे टंकता येते. मात्र संख्या लिहिताना अंक आंतरराष्ट्रीयच हवेत, आणि अँड, ऑर, नॉट, इज, इफ यांसारखे राखीव शब्द रोमन लिपीतच हवेत. मजकूर म्हणून अवतरणचिन्हांत दिलेले "१२" मात्र इंट या फंक्शनला व्यवस्थित कळते आणि ते त्याची बारा ही संख्या करून देते.

आता सरावाची सुरुवात शाळेतल्या "कंचेभागुबेव"पासून करू. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम आपल्या सगळ्यांच्या कानात बसलेला आहे, आणि नेमका तोच पहिल्या आठवड्यात नडतो. वहीत या ओळी लिहाव्यात:

१० - ३ + २
७ * ३ // २
१२ / ६ * १ / २

क्रम अक्षरशः लावणारा विद्यार्थी पहिल्या ओळीत बेरीज आधी करतो आणि ५ लिहितो. उत्तर ९ आहे, कारण बेरीज व वजाबाकी यांचा दर्जा एकच असून ती डावीकडून उजवीकडे होतात. दुसऱ्या ओळीत भागाकार आधी केला तर ३ // २ (// हे उत्तर पूर्णांकातच ठेवणाऱ्या भागाकाराचे चिन्ह) म्हणजे १ आणि त्याची सातपट ७. पायथन मात्र डावीकडून जाते, २१ // २ करते आणि १० देते. गुणाकार, दोन्ही प्रकारचे भागाकार आणि बाकी काढणारे % हे चिन्ह एकाच पायरीवर आहेत. तिसरी ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. "१२ भागिले ६ चा १/२" या शाळकरी उदाहरणात "चा" आधी सोडवायचा असतो, म्हणून उत्तर ४ येते. पायथनजवळ "चे" हा ऑपरेटर नाही. तिथे गुणाकाराचे चिन्ह घातले, की ते भागाकाराच्या पंक्तीत जाऊन बसते आणि उत्तर १.० येते. "चे"चे काम कंसाकडून करून घ्यावे लागते: १२ / (६ * १ / २).

भागाकाराची दोन चिन्हे का, हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. जुन्या पायथन २ मध्ये ७ / २ चे उत्तर ३ येत असे, कारण दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच ठेवला जाई. // हे वेगळे चिन्ह २००१ साली २.२ या आवृत्तीत आले, आणि डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ मध्ये / चा अर्थ कायमचा बदलून ७ / २ म्हणजे ३.५ असा झाला. पायथन २ चा सांभाळ १ जानेवारी २०२० रोजी थांबला असला, तरी त्या काळातल्या टिपणांच्या झेरॉक्स प्रती अजून हातोहात फिरत असतात. आपल्या टिपणात ७ / २ समोर ३ लिहिलेले दिसले, तर ते टिपण कोणत्या काळातले आहे ते ओळखावे.

घाताच्या चिन्हाचे तीन प्रश्न देऊन आजचे थांबवते. -२ ** २, २ ** ३ ** २ आणि २ ** -१. उत्तरे वहीत लिहून मगच यंत्रावर तपासावीत, आणि कुठे अडखळलात ते इथे सांगावे.

नवशिकी

ताई, मी चाळिशीनंतर शिकायला सुरुवात केली आहे आणि तुमची वही आजच घातली. तीनपैकी दोन प्रश्न चुकले. पहिल्याचे उत्तर मी ४ लिहिले होते, आले -४. दुसऱ्याचे ६४ लिहिले होते, आले ५१२. तिसरे ०.५ बरोबर आले. पण मला याहून जास्त छळणारी गोष्ट वेगळी आहे. ७ // २ म्हणजे ३ हे समजले. मग -७ // २ म्हणजे -३ यायला हवे होते. पायथन -४ देते. आणि -७ % २ चे उत्तर १ देते. ऋण संख्येची बाकी धन कशी येते?

खडूफळा

दोन्ही चुका अगदी योग्य जागी झाल्या आहेत. घाताचे चिन्ह त्याच्या डावीकडच्या उण्यापेक्षा बलवान आहे, म्हणून -२ ** २ म्हणजे -(२ ** २). मात्र आधी "क = -२" असे लिहून मग "क ** २" विचारले तर ४ येते, कारण तिथे उणे संख्येच्या पोटात गेलेले असते. दुसऱ्या प्रश्नात लक्षात ठेवायचे ते असे, की अंकगणिताच्या चिन्हांपैकी घात तेवढा उजवीकडून डावीकडे सुटतो. आधी ३ ** २ म्हणजे ९, मग २ चा नववा घात ५१२.

आता ऋण भागाकार. // या चिन्हाचा अर्थ "दशांश भाग तोडून टाका" असा नसून "संख्यारेषेवर डावीकडच्या पूर्णांकावर उतरा" असा आहे. -३.५ च्या डावीकडे -४ आहे. तोडायचेच असेल तर इंट(-७ / २) लिहावे, त्याचे उत्तर -३ येते. सी भाषेत पूर्णांकांचा भागाकार तोडणारा आहे, त्यामुळे तिथे -३ आणि बाकी -१ मिळते; तिथून आलेल्यांना हा फरक हमखास ठेच लावतो. दोन्हीकडे एक नियम मात्र पाळला जातो: भागाकार गुणिले भाजक, अधिक बाकी, बरोबर मूळ संख्या. पायथनमध्ये (-४) * २ + १ = -७. बाकी कशीही आठवली नाही तरी या नियमातून ती काढता येते.

धन बाकीचा उपयोग वारांच्या हिशेबात दिसतो. रविवारला ०, सोमवारला १, असे शनिवारला ६ पर्यंत क्रमांक द्या. आज मंगळवार आहे, म्हणजे २. दहा दिवसांपूर्वी कोणता वार होता? (२ - १०) % ७ लिहा. -८ % ७ चे उत्तर पायथन ६ देते, म्हणजे शनिवार, आणि बोटांवर मोजले तरी शनिवारच येतो. सी भाषेत याच पदावलीचे उत्तर -१ येते, आणि -१ क्रमांकाचा वार कोणताच नाही. चक्राकार मोजणी असेल तिथे, मग ती घड्याळाची असो, वारांची असो वा महिन्यांची, पायथनची ही पद्धत मागे जाताना वेगळी अट लिहायला लावत नाही.

याच धाटणीचे एक घरचे गणित देते. महाराष्ट्रातील पंचांगांत शालिवाहन शकाच्या प्रत्येक वर्षाला साठ संवत्सरांपैकी एक नाव असते. पहिले प्रभव, साठावे क्षय. शकात १२ मिळवून ६० ने भागले की उरलेली बाकी हा संवत्सराचा क्रमांक असतो. शके १९४७, म्हणजे २०२५ च्या गुढीपाडव्याला सुरू झालेले वर्ष, घेऊन पाहा: (१९४७ + १२) % ६० बरोबर ३९, विश्वावसु. आता शके १९०८ साठी तेच करून पाहा आणि काय अडचण येते ते सांगा.

हिशेबनीस

मी एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करीत असे, आता निवृत्त आहे. अंकगणिताच्या चिन्हांविषयी चर्चा चालू असताना पैशांचा विषय राहू नये म्हणून लिहितो.

आमच्याकडे एका तरुण सहकाऱ्याने व्याजाचा ताळा करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. जमेची बेरीज आणि खतावणीतील रक्कम समान असेल तर "जुळले", नाहीतर "फरक" असे तो छापत असे. कागदावर पैशापर्यंत जुळणारी खाती तो "फरक" म्हणून दाखवू लागला आणि आम्ही दोन दिवस नसलेली चूक शोधत बसलो. कारण समानता तपासणाऱ्या == या चिन्हात होते. पायथनला ०.१ + ०.२ == ०.३ असे विचारून पाहावे; उत्तर फॉल्स, म्हणजे खोटे, येते. नुसती बेरीज विचारली तर ०.३०००००००००००००००४ असे दिसते. यंत्र अपूर्णांक दोनाच्या घातांत साठवते आणि एक दशांश ही संख्या त्या पद्धतीत कधीच पूर्ण मांडता येत नाही. दहाच्या पद्धतीत एक तृतीयांश जसा ०.३३३ करीत अखंड चालत राहतो, तसेच हे आहे.

यात मला फार जवळची वाटणारी एक गोष्ट आढळली. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे सगळे पाढे पाठ होते. त्या पाढ्यांतले सर्व अपूर्णांक अर्ध्याचे आणि पावाचे आहेत, आणि नेमके तेच यंत्राला काटेकोर मांडता येतात. ०.२५ + ०.५ == ०.७५ विचारले तर उत्तर ट्रू, म्हणजे खरे, येते. जुना आणाही रुपयाचा सोळावा भाग, म्हणजे ०.०६२५, यंत्रात तंतोतंत बसतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि हिशेब माणसाला सोपा झाला. यंत्राला मात्र एक पैसा, म्हणजे रुपयाचा ०.०१ भाग, अचूक मांडता येत नाही.

यावरचा उपाय हिशेबाच्या शिस्तीतलाच आहे. रक्कम रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्णांकात ठेवावी आणि छापतानाच // १०० व % १०० ने रुपये-पैसे वेगळे करावेत. ते शक्य नसेल तर डेसिमल हे मोड्यूल (पायथनसोबत येणारा तयार संच) वापरावे, आणि मोजमापाच्या संख्यांची तुलना करायची असेल तर == ऐवजी मॅथ मोड्यूलमधील इझक्लोज वापरावे. राउंडवर विसंबणाऱ्यांनी राउंड(२.५) विचारून पाहावे. उत्तर २ येते आणि राउंड(३.५) चे ४ येते, कारण बरोबर मध्यावरची संख्या जवळच्या सम अंकाकडे नेण्याची पद्धत तिथे वापरलेली आहे. आपल्याकडे पन्नास पैसे वर चढवण्याची सवय आहे, म्हणून हे सांगणे आवश्यक वाटले.

सरावासाठी एक जुने गणित सुचवतो. एक रुपया म्हणजे सोळा आणे, एक आणा म्हणजे बारा पई. एक हजार पईंचे रुपये, आणे, पई करा.

कंसप्रेमी

धागा उत्तम चालला आहे, परंतु एका मुद्द्यावर मला मतभेद नोंदवायचा आहे. ऑपरेटरांचा अग्रक्रम पाठ करून घेणे हा विद्यार्थ्यांच्या वेळेचा सदुपयोग नाही असे मी अनुभवाने म्हणतो. ज्या ओळीचा अर्थ कळण्यासाठी वाचणाऱ्याला अग्रक्रमाचा तक्ता आठवावा लागतो, ती ओळ लिहिणाऱ्याने कंस घालून लिहायला हवी होती. -(२ ** २) असे लिहिले असते तर वरचा प्रश्नच उद्भवला नसता. मग चुकवणाऱ्या ओळींचा सराव कशासाठी?

खडूफळा

लिहिण्यापुरते मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि शंका आली की कंस घाला हे वर्गात मीही सांगते. पण शंका यावी लागते, हाच खरा मुद्दा आहे. -२ ** २ लिहिताना ज्याला काहीच खटकत नाही तो कंस घालणार कुठून? शिवाय आपण स्वतः लिहिलेल्यापेक्षा दुसऱ्यांनी लिहिलेले कितीतरी जास्त वाचतो, आणि त्यांनी कंस घातलेले असतीलच असे नाही. लीप वर्षाची ही ओळ घ्या:

वर्ष % ४ == ० अँड वर्ष % १०० != ० ऑर वर्ष % ४०० == ०

इथे != म्हणजे "समान नाही". कंस नसतानाही ही ओळ अचूक आहे, कारण अंकगणित आधी, मग तुलना, मग नॉट, मग अँड आणि शेवटी ऑर असा क्रम आहे. १९०० ला ती फॉल्स देते आणि २००० ला ट्रू. ज्याला हा क्रम माहीत नाही तो ही ओळ "दुरुस्त" करायला जाऊन ऑरभोवती कंस घालतो; इथे उत्तर बदलत नाही, कारण ४०० ने भागली जाणारी वर्षे ४ नेही भागली जातात, पण दुसऱ्या एखाद्या ओळीत असाच कंस अर्थ बदलून टाकू शकतो. संपूर्ण तक्ता पाठ करू नये, पण एवढ्या पाच पायऱ्या अंगवळणी पडाव्यात, असे माझे मत आहे.

नवशिकी

अँड-ऑरचा विषय निघाला म्हणून माझी कालची अडचण मांडते. वापरणाऱ्याने "हो" किंवा "होय" लिहिले तर पुढे जायचे, असे हवे होते. मी लिहिले:

इफ उत्तर == "हो" ऑर "होय":

आता "नाही" लिहिले तरी प्रोग्रॅम पुढे जातो. कुठेही एरर येत नाही. तासभर पाहते आहे.

जुना संगणक

ताई, मराठीत "उत्तर हो किंवा होय असेल तर" हे वाक्य संपूर्ण आहे, कारण ऐकणारा "उत्तर" हा शब्द दुसऱ्या पर्यायालाही मनात जोडून घेतो. पायथन असे काही जोडत नाही. त्याच्या दृष्टीने ऑरच्या डावीकडे "उत्तर == "हो"" ही एक तुलना आहे आणि उजवीकडे "होय" हा नुसता मजकूर आहे. रिकामा नसलेला कोणताही मजकूर खरा मानला जातो, म्हणून ती अट नेहमीच खरी ठरते. "उत्तर == "हो" ऑर उत्तर == "होय"" असे दोनदा लिहावे, किंवा "उत्तर इन ("हो", "होय")" असे लिहावे; दुसरे वाचायलाही चांगले आहे.

यातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. अँड आणि ऑर नेहमी ट्रू किंवा फॉल्सच देतात असे नाही. ते आपल्या दोन बाजूंपैकी एक बाजू जशीच्या तशी परत देतात. ० ऑर ५ चे उत्तर ५ येते. ३ अँड ७ चे उत्तर ७ येते. डावीकडेच निकाल लागला तर उजवी बाजू तपासलीही जात नाही, आणि म्हणून "संख्या != ० अँड १०० / संख्या > ५" ही अट शून्याने भागण्याच्या अपघातापासून वाचवते; हीच अट उलट्या क्रमाने लिहिली तर अपघात होतो. याच गुणामुळे पुष्कळ जण "सूट = दिलेली ऑर १०" असे लिहितात, म्हणजे सूट दिलेली नसेल तर दहा टक्के धरावी. परंतु दुकानदाराने मुद्दाम ० सूट लिहिली असेल तर शून्यही खोटे मानले जाते आणि ग्राहकाला दहा टक्के सूट मिळून जाते. अशा ठिकाणी "इज नन" (नन म्हणजे किंमत दिलेलीच नाही) असे स्पष्ट विचारावे.

"इज" वरून एक इशारा. इज हे == च्या जागी वापरायचे चिन्ह नाही. == दोन किमती समान आहेत का ते विचारते, इज दोन्ही नावे एकाच वस्तूची आहेत का ते विचारते. प्रचलित पायथनमध्ये -५ ते २५६ पर्यंतचे पूर्णांक आधीच तयार करून ठेवलेले असतात, त्यामुळे लहान संख्यांवर इज चालते असा भास होतो आणि मोठी संख्या आली की उत्तर बदलू शकते. ३.८ या आवृत्तीपासून थेट लिहिलेल्या संख्येशी इज वापरले तर पायथन सावध करते, ही चांगली गोष्ट झाली.

त्याच ३.८ आवृत्तीत, ऑक्टोबर २०१९ मध्ये, := हा नवा ऑपरेटर आला. सी भाषेत अटीच्या जागी एकच = लिहिले तरी ते चालून जाते आणि त्यापायी असंख्य चुका झाल्या आहेत; पायथनने ते सुरुवातीपासून नाकारले. मग अटीतच किंमत साठवण्यासाठी हे वेगळे चिन्ह आणायचे की नाही यावर पायथनच्या जाणकारांत मोठा वाद झाला, आणि प्रस्ताव मान्य झाल्यावर जुलै २०१८ मध्ये पायथनचे जनक गुइडो व्हॅन रोसम यांनी अंतिम निर्णय देण्याची आपली भूमिका सोडली. एका ऑपरेटरावरून एवढे व्हावे याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले होते. आज वाटत नाही, कारण चिन्ह एकदा भाषेत आले की ते प्रत्येकाला वाचावे लागते.

विदासाथी

मी विदा विश्लेषणाचे काम करते. माझ्याकडे येणाऱ्या नव्या सहकाऱ्यांना अँड आणि & यांतला फरक पहिल्या आठवड्यात समजावावा लागतो, म्हणून तो इथे लिहिते.

&, | आणि ^ ही चिन्हे संख्यांच्या द्विमान अंकांवर एकेका स्थानी काम करतात. ६ म्हणजे ११० आणि ३ म्हणजे ०११. ६ & ३ म्हणजे ०१०, अर्थात २; ६ | ३ म्हणजे १११, अर्थात ७; ६ ^ ३ म्हणजे १०१, अर्थात ५. हे तीन हिशेब हाताने एकदा मांडले की पुन्हा विसरत नाहीत. ^ हे चिन्ह घातासाठी वापरायची सवय स्प्रेडशीटमधून येते. १० ^ २ चे उत्तर पायथनमध्ये ८ येते आणि कोणताही इशारा मिळत नाही.

आता खरा धोका. ही तीन चिन्हे तुलनेच्या चिन्हांपेक्षा बलवान आहेत. उत्तीर्ण होण्यासाठी ४० गुण आणि ७५ टक्के हजेरी हवी, आणि एखाद्या मुलीला ५० गुण व ८० टक्के हजेरी आहे. कोणी असे लिहिले:

गुण >= ४० & हजेरी >= ७५

तर पायथन आधी ४० & ८० करते, ते ० येते. मग ओळ "५० >= ० >= ७५" अशी उरते. पायथनमध्ये तुलना साखळीने जोडता येतात, म्हणजे तिचा अर्थ "५० >= ० आणि ० >= ७५" असा होतो, आणि दोन्ही निकष पूर्ण करणारी मुलगी अनुत्तीर्ण ठरते. साध्या संख्यांसाठी इथे अँड हवे. पांडाज या विदा हाताळणाऱ्या संचाच्या तक्त्यात मात्र संपूर्ण स्तंभांची तुलना असते, तिथे अँड चालत नाही, & च लागते, आणि म्हणून दोन्ही तुलनांना स्वतंत्र कंस अनिवार्य आहेत: (गुण >= ४०) & (हजेरी >= ७५). या ठिकाणी कंसप्रेमी यांचा आग्रह शंभर टक्के योग्य आहे.

साखळी तुलना ही स्वतः फार सोयीची गोष्ट आहे. "१८ <= वय < ६०" हे आपण वहीत लिहितो तसेच लिहिता येते. फक्त तिच्या शेवटी == ट्रू जोडू नये. ५ > ३ == ट्रू विचारले तर फॉल्स येते, कारण त्याचा अर्थ "५ > ३ आणि ३ == ट्रू" असा होतो.

खडूफळा

आपण सर्वांनी धागा फार समृद्ध केला. गुण-हजेरीचे उदाहरण मी उद्याच फळ्यावर घेणार आहे. किमती बदलणाऱ्या जोडचिन्हांविषयी मात्र अजून कोणी लिहिले नाही, म्हणून थोडे सांगते.

किंमत *= २ + ३ या ओळीत उजवी बाजू आधी पूर्ण सोडवली जाते. किंमत १० असेल तर उत्तर ५० येते. १० * २ + ३ म्हणून २३ लिहिणारे विद्यार्थी दर वर्गात असतात. दुसरे, पायथनमध्ये एकाने वाढवणारे ++ हे चिन्ह नाही. क++ लिहिले तर एरर येते, ते बरे. ++क लिहिले तर एरर येत नाही आणि क वाढतही नाही, कारण पायथन त्याला दोन "अधिक" चिन्हे लावलेली संख्या समजते. क += १ हेच लिहावे.

तिसरे, यादीच्या बाबतीत + आणि += सारखे नाहीत. "अ = अ + [४]" नवी यादी तयार करते, "अ += [४]" असलेल्या यादीतच भर घालते; त्याच यादीला दुसरे नाव दिलेले असेल तर त्या नावाखालीही ती भर दिसते. गुणाकाराचेही तसेच. [[०] * ३] * ३ ने तीन ओळींचा तक्ता तयार झाला असे वाटते, पण तिथे एकच ओळ तीन वेळा उभी असते, आणि एका ओळीत १ लिहिला की तिन्ही ओळींत उमटतो. मजकुरावर "५" * ३ चे उत्तर "५५५" येते. इनपुटने घेतलेली प्रत्येक गोष्ट मजकूरच असते हे विसरल्याने वापरणाऱ्याच्या वयाची तिप्पट अशीच छापली जाते. इथे "५" + ३ लिहिले असते तर पायथनने थांबवले असते. गुणाकाराला मात्र ते हरकत घेत नाही.

नवशिकी

शके १९०८ चे उत्तर ० आले आणि शून्याव्या क्रमांकाचा संवत्सर नाही. मी अट घातली, की बाकी ० असेल तर ६० धरा. पंचांगाच्या क्रमाने क्षय येते. हे बरोबर आहे का?

हजार पईंचेही केले. रुपये = १००० // १९२, म्हणजे ५. उरलेल्या पई = १००० % १९२, म्हणजे ४०. त्यांचे आणे ४० // १२, म्हणजे ३, आणि ४० % १२, म्हणजे ४ पई. पण माझ्या मुलीने आणे एका ओळीत काढले, १००० // १२ % १६, आणि तिचेही ३ च आले. हा योगायोग आहे का?

खडूफळा

क्षय बरोबर आहे. अट टाळायची असेल तर साठ नावांची यादी करा; यादीत मोजणी शून्यापासून असते, म्हणून (शक + ११) % ६० हा थेट त्या यादीतला क्रमांक होतो. प्रभव शून्यावर, क्षय एकोणसाठावर.

मुलीचे उत्तर योगायोग नाही. // आणि % एकाच पायरीवर असल्याने आधी हजार पईंचे पूर्ण आणे होतात, ते ८३. मग त्यांतून सोळा-सोळाचे रुपये बाजूला काढले की ३ आणे उरतात. तुम्ही रुपयांकडून खाली आलात, ती पईंकडून वर गेली. तिच्या ओळीत कंस चुकीच्या जागी, १००० // (१२ % १६) असा पडला असता तर ८३ आले असते, हेही वहीत लिहून ठेवावे.

हिशेबनीस

माझ्या गणिताला उत्तर मिळाले, आनंद झाला. आता तेच हजार पईंच्या कर्जासाठी, म्हणजे -१००० घेऊन करावे. -१००० // १९२ चे उत्तर -६ येते आणि बाकी १५२, म्हणजे १२ आणे ८ पई. सहा रुपये देणे आणि बारा आणे आठ पई येणे, असा तो हिशेब आहे, आणि पईपर्यंत जुळतोही. पण खतावणीत असे लिहिता येत नाही. देणे ५ रुपये ३ आणे ४ पई असेच लिहावे लागते, म्हणून आधी उणे चिन्ह बाजूला काढून ठेवावे, भागाकार धन संख्येवर करावा आणि "नावे" हा शब्द शेवटी लावावा.